लॅटिनमधले 'कोण, काय, कुठे': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी रविवारी सकाळी घरीच लॅटिन शिकवते. येणाऱ्यांत कायद्याचे विद्यार्थी असतात, संस्कृत घेऊन बीए झालेले असतात, वसईकडचे एक निवृत्त गृहस्थही वर्षभर येत होते. बहुतेकांची गाडी पहिल्यांदा अडते ती प्रश्नार्थक शब्दांपाशी. हे शब्द अवघड आहेत म्हणून नव्हे. सगळी व्याकरणं इंग्रजीतून असतात, आणि इंग्रजीला जे भेद नाहीत ते मराठीला आहेत, हे कुणी सांगितलेलं नसतं. 'कितवा', 'केवढ्याला', 'जो', 'की' हे शब्द ज्याच्या तोंडी रोज आहेत, त्याचं अर्धं काम आधीच झालेलं आहे. पुढची उत्तरं त्याच भरवशावर दिली आहेत.

सुरुवात कोणत्या शब्दांपासून करू?

एका ओळीपासून करा:

क्विस, क्विद, उबि, क्विबुस आउक्सिलिइस, कूर, क्वोमोदो, क्वान्दो.

म्हणजे कोण, काय, कुठे, कोणत्या साहाय्यानं, का, कसं, केव्हा. ही ओळ मध्ययुगीन युरोपात विद्यार्थी पाठ करत. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडितानं आपल्या 'सुम्मा थेओलॉजिए' या ग्रंथात ती दिली आहे. माणसाच्या एखाद्या कृतीचा न्याय करायचा तर तिच्याभोवतीच्या कोणकोणत्या गोष्टी पाहायच्या, त्यांची ही यादी.

ओळ वृत्तात आहे, म्हणून ती डोक्यात राहते. शाळेत गण पाडायला शिकला असाल तर इथेही पाडून पाहा. लॅटिनचं हे वृत्त सहा पदांचं असतं. पद एकतर 'गुरू लघू लघू', म्हणजे आपला भ गण, नाहीतर दोन गुरू. क्विस-क्विद-उ, बि-क्वि-बुस, आउक-सि-लि हे तीन भ गण. मग 'इस-कूर' हे दोन गुरू, 'क्वो-मो-दो' पुन्हा भ गण, आणि शेवटी 'क्वान-दो' दोन गुरू. हातानं ताल धरून चार-पाच वेळा म्हणा. माझ्याकडे पहिल्या दिवशी आम्ही एवढंच करतो, आणि सहा महिन्यांनी बाकी काही विसरलेला विद्यार्थीसुद्धा ही ओळ न अडखळता म्हणतो.

'क्व'चा उच्चार कसा करायचा?

'पक्व'मध्ये किंवा 'क्वचित'मध्ये करता तसाच, फक्त 'क' आणि 'व' वेगळे ऐकू येऊ देऊ नका. ओठ गोल करून एका झटक्यात 'क्व'. रोमनांच्या कानाला तो एकच व्यंजनध्वनी होता. वर गण पाडताना 'क्वोमोदो'तल्या 'दो' नंतरचा 'क्वान' जोडाक्षर असूनही मागच्या अक्षराला गुरू करत नाही, तो याचमुळे.

एक जोडी मात्र घोळ घालते: 'क्वी' आणि 'कुइ'. पहिल्यात 'क्व' आहे, दुसऱ्यात 'उ'वर जोर देऊन 'इ' त्याला चिकटवायचा. हा घोळ आपलाच नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला वक्तृत्वाचा शिक्षक क्विन्तिलिआनुस सांगतो, की त्याच्या लहानपणी 'कुइ' हा शब्द वेगळ्या, जाडसर स्पेलिंगनं लिहीत, केवळ 'क्वी'पासून तो ओळखू यावा म्हणून.

हे शब्द ओळखीचे वाटतात. योगायोग आहे का?

नाही, नातं आहे. लॅटिन आणि संस्कृत एकाच जुन्या भाषाकुळातल्या. त्या मूळ भाषेत प्रश्नार्थक शब्द गोल ओठांच्या 'क्व'नं सुरू होत. लॅटिननं तो ध्वनी जपला, संस्कृतात त्याचा 'क' झाला. लॅटिन 'क्विस', संस्कृत 'कः', मराठी 'कोण'. लॅटिन 'क्वोत', संस्कृत 'कति', मराठी 'किती'. मराठीतले कोण, काय, कुठे, केव्हा, कसा, किती, केवढा असे ओळीनं उभे करा आणि त्यांच्यासमोर लॅटिनचे 'क्व'वाले शब्द ठेवा, घर एकच असल्याचं दिसतं.

मग 'उबि' (कुठे), 'उन्दे' (कुठून) आणि 'उतेर' (दोघांतला कोणता) यांचा 'क' कुठे गेला? तो सुरुवातीला गळाला, पण जोडशब्दांच्या पोटात शिल्लक आहे. 'कुठेतरी'ला लॅटिनमध्ये 'आलिकुबि' म्हणतात, 'कुठूनतरी'ला 'आलिकुन्दे'. तिथे 'कुबि' आणि 'कुन्दे' अजून ऐकू येतात. 'उतेर'चा संस्कृत भाऊ 'कतर', अर्थही तोच, दोघांपैकी कोण. तो शब्द मराठीत उरला नाही. 'क्वचित' मात्र उरला. संस्कृतात 'क्व' म्हणजे 'कुठे' आणि 'क्वचित्' म्हणजे 'कुठेतरी'. आपण तो वेळेसाठी वापरतो, पण त्यात तोच जुना प्रश्न दडलेला आहे.

'क्विस' आणि 'क्वी' यांत फरक काय?

'कोण' आणि 'कोणता' यांत जो आहे तोच. इंग्रजी पुस्तकं इथे प्रश्नार्थक सर्वनाम आणि प्रश्नार्थक विशेषण यांवर दोन पानं खर्च करतात. तुम्हाला एवढं पुरेल.

एकटा उभा राहणारा शब्द 'कोण', त्याला 'क्विस'. 'क्विस वेनित?' म्हणजे कोण येतंय? पुरुष येतोय की बाई, ते 'कोण'वरून कळत नाही, तसंच 'क्विस'वरूनही कळत नाही. वस्तूबद्दल विचारायचं तर 'काय', म्हणजे 'क्विद'. 'क्विद विदेस?' काय पाहतोस?

नामाला लावायचं झालं की 'कोणता, कोणती, कोणतं' असं लिंग येतं: 'क्वी, क्वाइ, क्वोद'. 'क्वी पुएर?' कोणता मुलगा, 'क्वाइ पुएल्ला?' कोणती मुलगी, 'क्वोद तेम्प्लुम?' कोणतं देऊळ. प्रत्यक्ष लेखनात रोमन लेखक पुल्लिंगी नामाआधी 'क्विस'ही वापरून जातात, त्यानं दचकू नका.

एक सवय मात्र सोडावी लागते. आपण 'लग्नाला कोण कोण आलं होतं?' असं विचारतो. लॅटिनमध्ये 'क्विस्क्विस' असा दुहेरी शब्द आहे, पण त्याचा अर्थ 'कोण कोण' नव्हे, 'जो कोणी'. अनेकांबद्दल विचारायला सरळ अनेकवचन घ्यायचं: 'क्वी वेनेरुन्त?'

विभक्तीची रूपं कशी लक्षात ठेवू?

मराठीत 'कोण' बदलतो: कोण, कोणाला, कोणाचा, कोणाकडून. लॅटिनमध्ये एकवचनात 'क्विस' (कोण), 'क्वेम' (कोणाला, म्हणजे कर्म), 'कुय्युस' (कोणाचा), 'कुइ' (कोणाला, म्हणजे देण्याघेण्यातला) आणि 'क्वो' (कोणाकडून, कशानं). 'क्विद'ची कर्मातही 'क्विद' हीच मूर्ती राहते. अनेकवचनात 'क्वी, क्वाइ, क्वाइ' ही कर्त्याची रूपं, 'क्वोस, क्वास, क्वाइ' ही कर्माची, 'क्वोरुम, क्वारुम, क्वोरुम' ही षष्ठीची, आणि उरलेल्या दोन्हींना एकच 'क्विबुस'.

मराठी माणूस इथे एकाच जागी पडतो, आणि ती जागा म्हणजे 'कोणाला'. 'कोणाला पाहतोस?' आणि 'कोणाला पुस्तक देतोस?' यांत आपल्याला एकच 'ला' ऐकू येतो. लॅटिनमध्ये पहिला 'क्वेम विदेस?' आणि दुसरा 'कुइ लिब्रुम दास?'. माझी साधी युक्ती: वाक्यात दुसरी एखादी वस्तू हातातून हातात जाते आहे का ते बघा. पुस्तक जातंय, पैसे जातायत, निरोप जातोय, तर घेणारा 'कुइ'. काहीच जात नसेल तर 'क्वेम'. ही युक्ती दहातल्या नऊ वेळा चालते. दहावी वेळ त्या क्रियापदांची, जी चतुर्थीच घेतात, आणि ती एकेक करून शिकावी लागतात.

याच 'कुइ'तून 'कुइ बोनो?' हा प्रसिद्ध प्रश्न आला. इसवी सनपूर्व ८० मध्ये तरुण किकेरोनं, म्हणजे आपण ज्याला सिसेरो म्हणतो त्यानं, खुनाच्या खटल्यात रोस्किउस नावाच्या आरोपीचा बचाव केला. तेव्हा त्यानं कास्सिउस या जुन्या न्यायाधीशाची आठवण काढली, जो प्रत्येक खटल्यात विचारायचा, 'फायदा कोणाला?' या शब्दांचा अर्थ 'याचा उपयोग काय' असा करणारे पुष्कळ भेटतात. तो चूक आहे. 'कुइ' म्हणजे 'कोणाला', आणि प्रश्न माणसाबद्दल आहे.

'कोणाबरोबर' विचारताना तर आपल्याला घरी आल्यासारखं वाटावं. लॅटिनमध्ये 'बरोबर' या अर्थाचा 'कुम' एरवी नामाच्या आधी येतो, पण या सर्वनामांत तो बहुधा मागे चिकटतो: 'क्विबुस्कुम?' अगदी आपल्या शब्दयोगी अव्ययासारखा, 'कोणांबरोबर?'

'तू येतोस का?' आणि 'तू का येतोस?' दोन्हींत 'का' आहे. लॅटिनमध्ये कोणता शब्द घ्यायचा?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि इथली चूकही सर्वांत जास्त वेळा दिसते.

मराठीत 'का' दोन कामं करतो, आणि जागेवरून ती कळतात. शेवटी आला तर 'हो की नाही' एवढंच विचारायचं असतं. क्रियापदाच्या आधी आला तर कारण हवं असतं. लॅटिनमध्ये या दोन कामांना दोन पूर्ण वेगळे शब्द आहेत. कारणासाठी 'कूर': 'कूर वेनिस?' म्हणजे का येतोस? हो-नाहीसाठी 'ने' हा प्रत्यय: 'वेनिस्ने?' म्हणजे येतोस का? माझ्याकडच्या एका मुलीच्या वहीत सुरुवातीला प्रत्येक प्रश्न 'कूर'नं सुरू झालेला होता. 'तुला भूक लागली का?' हेसुद्धा तिच्या लॅटिनमध्ये 'तुला भूक का लागली?' झालं होतं. तिला मी एवढंच सांगितलं: भाषांतर करण्याआधी मराठी वाक्यातला 'का' शेवटी आहे की मध्ये, त्यावर पेन्सिलीनं गोल कर. पुढच्या रविवारी वही स्वच्छ होती.

'ने' बहुधा वाक्याच्या पहिल्या शब्दाला चिकटतो, आणि ज्याबद्दल शंका आहे तोच शब्द पहिला येतो. 'वेनिस्ने?' म्हणजे येतोस का? 'तूने वेनिस?' म्हणजे तूच येतोस का? हा 'ने' आणि आपला 'रामाने'मधला 'ने' यांचा काही संबंध नाही. 'तूने' वाचून कर्ता वाटतो खरा, पण तो प्रश्न आहे.

रोमनांकडे प्रश्नचिन्ह नव्हतं. ते चिन्ह आठव्या शतकाच्या अखेरीस, शार्लमेन या सम्राटाच्या काळातल्या हस्तलिखितांत दिसू लागलं. त्याआधी वाचणाऱ्याला हा प्रश्न आहे हे कळायला 'ने'सारखे शब्दच होते, म्हणून ते इतके नेमाने येतात.

'नोन्ने' आणि 'नुम' कधी वापरायचे?

विचारणाऱ्याला उत्तराची अपेक्षा आधीच असते तेव्हा. 'नोन्ने मे विदेस?' म्हणजे 'मी दिसत नाही का तुला?' इथे 'हो' अपेक्षित आहे. मराठीतला 'नाही का' आणि लॅटिनचा 'नोन' अधिक 'ने' घडणीनंसुद्धा एकच आहेत. 'नुम दोर्मिस?' म्हणजे 'तू झोपला नाहीस ना?' इथे 'नाही' अपेक्षित आहे. 'ना'चा जो आवाज काढतो तो 'नुम'चा आवाज समजा.

'हो' आणि 'नाही'ला लॅटिनमध्ये शब्द काय?

ठरलेला असा एक शब्द नाही, आणि मराठी माणसाला त्याचं काही वाटू नये. 'जेवलास का?' या प्रश्नाला आपण 'जेवलो' म्हणतो. रोमनही तसंच करत. 'वेनिस्ने?' या प्रश्नाचं उत्तर 'वेनिओ' किंवा 'नोन वेनिओ'. याशिवाय 'इता' किंवा 'सिक' (असंच), 'मिनिमे' (मुळीच नाही) हेही चालतं.

'कुठे'ला चार शब्द कशाला?

कारण रोमनांना जागा, दिशा, उगम आणि वाट वेगवेगळी लागत. 'उबि' म्हणजे कुठे आहे. 'क्वो' म्हणजे कुठे चाललं आहे. 'उन्दे' म्हणजे कुठून. 'क्वा' म्हणजे कुठल्या वाटेनं. आपण 'कुठे आहेस?' आणि 'कुठे चाललास?' यांत एकच शब्द वापरतो, म्हणून 'उबि' आणि 'क्वो' यांची गल्लत होते. पण गावाकडे अजून 'कुणीकडे चाललास?' असं विचारतात, आणि 'कुणीकडे आहेस?' पेक्षा 'कुठं आहेस?' अधिक ऐकू येतं. तो 'कुणीकडे' म्हणजे 'क्वो' असं धरून चाला.

'क्वो वादिस?' हा जगप्रसिद्ध प्रश्न म्हणजे 'कुणीकडे चाललास?' लॅटिन बायबलात योहानाच्या शुभवर्तमानात येशूचा शिष्य पेत्र येशूला हेच विचारतो. पुढे आख्यायिका झाली, की रोममधून पळून निघालेल्या पेत्राला वाटेत येशू भेटला आणि पेत्रानं पुन्हा तोच प्रश्न विचारला. रोमबाहेर आप्पिया रस्त्यावर त्या नावाचं छोटं चर्च आहे.

'किती'साठी इतके शब्द कसे?

हा माझा सर्वांत आवडता धडा, कारण इथे इंग्रजीतून शिकणारा घामाघूम होतो आणि मराठी मुलगा खुर्चीत टेकून बसतो.

मोजता येणाऱ्या वस्तू: 'क्वोत'. 'क्वोत पुएरी?' किती मुलं? हा शब्द कधीच बदलत नाही. न मोजता येणारं प्रमाण: 'क्वान्तुम', आणि पुढचा शब्द षष्ठीत. 'क्वान्तुम आक्वाइ?' शब्दशः 'पाण्याचं किती?' विशेषणाआधी 'किती मोठा' म्हणायचं तर 'क्वाम माग्नुस'. 'किती वेळा'ला 'क्वोतिएन्स'.

आता खरी गंमत. 'क्वान्तुस' विशेषण म्हणून आला की तो 'केवढा' असतो, तंतोतंत. केवढा, केवढी, केवढं: 'क्वान्तुस, क्वान्ता, क्वान्तुम'. आणि बाजारात भाव विचारताना तो षष्ठीत जातो: 'क्वान्ति एस्त?' म्हणजे 'केवढ्याला आहे?' मंडईत मेथीची जुडी उचलून आपण जे विचारतो, तेच.

मग 'क्वोतुस'. इंग्रजी व्याकरणात या शब्दापुढे लांबलचक स्पष्टीकरण लिहावं लागतं, कारण त्या भाषेत त्याला शब्दच नाही. मराठीत एक शब्द पुरतो: कितवा. 'मुलगी कितवीत आहे?' असं आपण शेजारणीला सहज विचारतो. रोमन वेळ असाच विचारत: 'क्वोता होरा एस्त?' कितवी होरा आहे? त्यांचा दिवस सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत बारा होरांत वाटलेला असे, म्हणून उन्हाळ्यातली होरा लांब आणि हिवाळ्यातली आखूड. उत्तरही क्रमवाचकच, 'सेप्तिमा', सातवी. हा 'होरा' आपल्या पंचांगातलाच: ग्रीकमधून एक फांदी लॅटिनकडे गेली, दुसरी संस्कृतातल्या ज्योतिषाकडे.

'क्व' प्रश्नातही येतो आणि 'जो'च्या जागीही येतो. ओळखायचं कसं?

हा प्रश्न पडला असेल तर तुम्ही नीट वाचता आहात.

मराठीत तीन ओळी आहेत. 'क' विचारतो, 'ज' जोडतो, 'त' दाखवतो: केव्हा, जेव्हा, तेव्हा. केवढा, जेवढा, तेवढा. कसा, जसा, तसा. लॅटिनमध्ये दोनच. 'क्व' विचारतो आणि जोडतोही, 'त' दाखवतो. 'क्वान्तुस' म्हणजे केवढा आणि जेवढा, 'तान्तुस' म्हणजे तेवढा. 'क्वालिस' म्हणजे कसा आणि जसा, 'तालिस' म्हणजे तसा. 'क्वोत' म्हणजे किती आणि जितके, 'तोत' म्हणजे तितके. इसवी सनपूर्व १६१ मध्ये तेरेन्तिउसच्या एका नाटकात एक पात्र म्हणतं, 'क्वोत होमिनेस, तोत सेन्तेन्तिआइ', जितकी माणसं तितकी मतं. आपण म्हणतो, व्यक्ती तितक्या प्रकृती. आपणही 'जितक्या' गाळतो, पण ऐकणाऱ्याला तो ऐकू येतो.

म्हणून वाचताना 'क्व' दिसला की तोंडातल्या तोंडात दोन्ही लावून पाहा. 'क'नं वाक्य उभं राहतं की 'ज'नं? 'क्विस वेनित?' इथे 'कोण'. 'पुएर क्वी वेनित फ्रातेर मेउस एस्त', इथे 'जो मुलगा येतोय तो माझा भाऊ'. 'कोण' लावून हे वाक्य उभं राहत नाही. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द असल्यानं ही कसोटी तिथे लावता येत नाही. मराठीत ती फुकट मिळते, आणि ती न वापरता इंग्रजीतून वाट काढणाऱ्या विद्यार्थ्यांना पाहून मला खरंच वाईट वाटतं.

एक इशारा: 'जेव्हा'ला 'क्वान्दो' लिहू नका. क्वान्दो मुख्यतः विचारतो, 'केव्हा'. अभिजात लॅटिनमध्ये 'जेव्हा'साठी बहुधा 'कुम' येतो.

'तो काय करतो ते मला माहीत नाही' अशा वाक्यात क्रियापद का बदलतं?

प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की लॅटिन त्याचं क्रियापद स्वार्थातून, म्हणजे साध्या विधानाच्या रूपातून, काढून 'कोन्युन्क्तिवुस'मध्ये घालते. आपले विध्यर्थ आणि संकेतार्थ मिळून जी कामं करतात, त्यांतली बरीच हे एक रूप करतं. 'क्विद फाकित?' म्हणजे तो काय करतो? पण 'नेस्किओ क्विद फाकिआत', तो काय करतो ते मला माहीत नाही. 'फाकित'चं 'फाकिआत' झालं.

मराठीत क्रियापद बदलत नाही, पण आपणही खूण ठेवतो. ती खूण म्हणजे 'ते'. 'तो काय करतो ते', 'ती कुठे गेली ते', 'कोण आलंय ते'. अशा 'ते'वर पोहोचलात आणि आधी 'क'चा शब्द आहे, की क्रियापद बदला. आधी 'ज' असेल तर बदलू नका. ही जोडी शेजारी ठेवा:

'स्किओ क्विद दिकास': तू काय म्हणतोस ते मला माहीत आहे.
'स्किओ क्वोद दिकिस': तू जे म्हणतोस ते मला माहीत आहे.

पहिल्यात प्रश्न आहे, म्हणून 'क्विद' आणि 'दिकास'. दुसऱ्यात 'जे' आहे, म्हणून 'क्वोद' आणि साधं 'दिकिस'. इतका बारीक फरक दाखवणारं मराठी भाषांतर इतक्या सहज होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

काळाचंही पाहावं लागतं. मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की पोटातलंही मागे सरकतं: 'नेस्किएबाम क्विद फाकेरेत', तो काय करतो ते मला माहीत नव्हतं. मराठीत 'करतो' तसाच राहतो, लॅटिनमध्ये राहत नाही.

कातुल्लुस या कवीची दोनच ओळींची एक कविता आहे. मी द्वेष करतो आणि प्रेम करतो, असं म्हणून तो समोरच्याला सांगतो, की 'मी असं का करतो, ते तू कदाचित विचारशील'. तिथे 'क्वारे इद फाकिआम' असे शब्द आहेत. 'फाकिओ' नव्हे, 'फाकिआम', कारण 'क्वारे', म्हणजे 'का', हा प्रश्न 'विचारशील'च्या पोटात आहे. हा नियम शिकवून झाला की मी ती कविता फळ्यावर लिहिते, आणि त्या एका अक्षरापाशी सगळे थांबतात.

'कूर', 'क्वारे', 'क्विद': 'का'साठी नेमका कोणता?

बोलण्या-लिहिण्यात 'कूर' घ्या. 'क्वारे' हा 'क्वा' अधिक 'रे', म्हणजे 'कोणत्या गोष्टीमुळे'. 'क्विद'सुद्धा कधीकधी 'का' होतो: 'क्विद प्लोरास?' म्हणजे 'काय रडतेस?' आपणही 'काय ओरडतोस?' म्हणतो तेव्हा ओरडण्याचा मजकूर विचारत नसतो.

'चहा की कॉफी?' लॅटिनमध्ये कसं विचारायचं?

चहा-कॉफी रोमनांकडे नव्हती, म्हणून 'उत्रुम विनुम आन आक्वाम विस?' वाइन हवी की पाणी? 'आन' म्हणजे 'की'. 'किंवा'साठी 'आउत' आणि 'वेल' आहेत, ते इथे चालत नाहीत. 'चहा किंवा कॉफी हवी का?' आणि 'चहा की कॉफी?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

स्पर्धा परीक्षेतल्या 'क्वो वॉरंटो'मधला 'क्वो' म्हणजे 'कुणीकडे' का?

नाही. हा दुसरा 'क्वो', म्हणजे 'कोणत्या' या विशेषणाचं तृतीयेच्या अर्थाचं रूप, आणि तो 'वारान्तो'शी जुळतो: 'कोणत्या अधिकारानं?' दुसरा शब्द जुना रोमन नाही. तो जर्मानिक भाषांतून मध्ययुगीन लॅटिनमध्ये आला. इंग्लंडचा राजा जहागीरदारांना या आज्ञापत्रानं विचारत असे, की हे हक्क तुम्ही कोणत्या अधिकारानं वापरता. १२९० मध्ये पहिल्या एडवर्डनं त्यावर कायदाच केला. भारताच्या संविधानात अनुच्छेद ३२ आणि २२६ मध्ये तो आदेश आहे, आणि सार्वजनिक पदावर बसलेल्या माणसाला तो आजही तेच विचारतो. मराठीत त्याला 'क्वाधिकार' म्हणतात. हा शब्द ज्यानं योजला त्याचा कान फार तयार असला पाहिजे: संस्कृतातला 'क्व' आणि 'अधिकार' जोडून त्यानं लॅटिनचा आवाजही ठेवला आणि प्रश्नही.

आजीला चर्चमधलं लॅटिन पाठ आहे. त्याचा उपयोग होईल?

खूप होईल. वसईत आणि गोव्यात १९६०च्या दशकापर्यंत मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनमध्ये होत असे, आणि त्या पिढीच्या कानात ते शब्द पक्के आहेत. चर्चचा उच्चार थोडा वेगळा, इटालियन वळणाचा असतो: 'क्वाइ'चा 'क्वे' होतो, 'आग्नुस'चा 'आन्युस'. व्याकरण तेच. त्यांना 'आन्युस देइ, क्वी तोल्लिस पेक्काता मुन्दि' म्हणायला सांगा आणि विचारा, हा 'क्वी' विचारतो की जोडतो? 'देवाच्या कोकरा, जो तू जगाची पापं दूर करतोस.' जोडतो.

मग मृतांसाठीच्या मिस्सेतलं 'दीएस इरे' हे जुनं स्तोत्र आठवतंय का ते विचारा. आमच्या वर्गात येणाऱ्या त्या वसईच्या गृहस्थांनी एकदा ते डोळे मिटून, लहानपणी मयताला ऐकलेल्या चालीवर म्हटलं. एका कडव्यापाशी मी त्यांना थांबवलं: 'क्विद सुम मिसेर तुन्क दिक्तुरुस? क्वेम पात्रोनुम रोगातुरुस?' मी अभागी तेव्हा काय बोलणार? कोणत्या कैवाऱ्याची विनवणी करणार? पहिल्या प्रश्नात 'क्विद' एकटा आहे, म्हणून 'काय'. दुसऱ्यात 'क्वेम' पुढच्या 'पात्रोनुम'ला लागून आहे, म्हणून 'कोणत्या'. साठ वर्षं जे शब्द ते सुरात म्हणत आले होते, त्यांतले दोन त्या सकाळी त्यांना वेगळे दिसले. त्यांनी कडवं पुन्हा म्हटलं, या वेळी हळू, प्रत्येक प्रश्नानंतर जरा थांबत.